विश्लेषण : राउटर ‘ओव्हरक्लॉक’ करून व्हीपीएनचा वेग खरेच वाढतो?

घरात १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे, पण राउटरवर व्हीपीएन सुरू केले की वेग ३०-४० वर येतो. इंटरनेट कंपनीकडे तक्रार केली तर ‘आमच्या बाजूने वेग बरोबर आहे’ असे उत्तर मिळते आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. अडथळा असतो तो राउटरच्या प्रोसेसरपाशी. मग शोधाशोध करणाऱ्याला एक फुकटचा उपाय सापडतो : प्रोसेसरचा वेग उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाढवा, म्हणजेच तो ‘ओव्हरक्लॉक’ करा. हा उपाय खोटा नाही, पण त्यातून मिळणारा लाभ थोडा आहे. आणि घरातल्या प्रत्येक फोन-लॅपटॉपची वाहतूक ज्या यंत्रातून जाते, त्याच्यावर तो करून पाहणे सहसा शहाणपणाचे नाही.

हा प्रकार सुरू कुठे झाला?

२००२च्या अखेरीस ‘लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी’ हा निळा-काळा राउटर बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स होते आणि लिनक्सच्या परवान्यातील अटीमुळे २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून ‘ओपनडब्ल्यूआरटी’, ‘डीडी-डब्ल्यूआरटी’, ‘टोमॅटो’ ही पर्यायी फर्मवेअर जन्मली आणि चार भिंतींतल्या या डब्याचा ताबा प्रथमच वापरकर्त्याकडे आला. २०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर २१६, २४० किंवा २५० वर चालवण्यासाठी राउटरच्या मेमरीत एक आकडा बदलून तो पुन्हा सुरू करणे एवढेच पुरे होते. पुढे ‘असूस’च्या आरटी-एन१६ आणि आरटी-एसी६८यू या राउटरवरही हौशी मंडळींनी हेच प्रयोग केले.

एन्क्रिप्शनमध्ये प्रोसेसर इतका का दमतो?

व्हीपीएनमध्ये सर्रास वापरली जाणारी ‘एईएस’ ही पद्धत अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ संस्थेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. तीत माहितीचे १२८ बिटांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा अनेक फेऱ्यांमधून घुसळला जातो. १२८ बिटांची किल्ली असेल तर १० फेऱ्या, २५६ बिटांची असेल तर १४. ज्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळ्या सूचना आहेत, तो ही फेरी एक-दोन पावलांत उरकतो. स्वस्त राउटरमधील साध्या प्रोसेसरला मात्र तेच काम शेकडो लहान आकडेमोडींनी करावे लागते.

त्यात ‘ओपनव्हीपीएन’ची रचना भर घालते. पारंपरिक पद्धतीत हा प्रोग्राम लिनक्सच्या गाभ्याबाहेर चालतो. प्रत्येक पॅकेट गाभ्यातून प्रोग्रामकडे आणि तेथून परत गाभ्याकडे असे हेलपाटे घालते. शिवाय काम एकाच कोअरवर होते. खोक्यावर ‘ड्युअल कोअर’ लिहिलेले असले तरी दुसरा कोअर जवळपास बसून असतो. एन्क्रिप्शनचा निव्वळ वेग मोजून ‘माझा राउटर इतक्या एमबीपीएसचा’ असे सांगणाऱ्यांच्या आकड्यात हे हेलपाटे धरलेलेच नसतात.

पण ते काम राउटर करतो का?

प्रयोग करण्यापूर्वी विचारायचा हाच पहिला प्रश्न, आणि नेमका तोच विसरला जातो. वाय-फायचा पासवर्ड, म्हणजे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ यांचे एन्क्रिप्शन सहसा वाय-फाय चिपमध्येच होते. त्याला मुख्य प्रोसेसरच्या वेगाशी फारसे देणेघेणे नसते. बँकेचे संकेतस्थळ उघडताना होणारे एन्क्रिप्शन फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये होते. घरून काम करणाऱ्याच्या लॅपटॉपवर कंपनीचे व्हीपीएन चालत असेल, तर तेही तिथेच. राउटर केवळ बंद पाकिटे पुढे ढकलतो. व्हीपीएन खुद्द राउटरवर बसवले असेल तरच ओव्हरक्लॉकिंगचा मुद्दा लागू होतो. बहुतांश घरांत ही चर्चा येथेच संपायला हवी.

मग फायदा नेमका किती?

८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर १००० वर नेला तर वाढ झाली २५ टक्के. सगळे सुरळीत झाले असे धरले तरी ४० एमबीपीएसचे ५० होतील. १०० काही होणार नाहीत. आता दुसरी तुलना पाहा. २०१७च्या सुमारास आलेल्या आरटी-एसी८६यूचा प्रोसेसर १.८ गिगाहर्ट्झचा, म्हणजे ८०० मेगाहर्ट्झच्या मूळ एसी६८यूच्या सव्वादोन पट. मात्र ओपनव्हीपीएनचा वेग वापरकर्त्यांना जवळपास चौपट मिळाला, कारण त्याच्या प्रोसेसरमध्ये एईएसच्या सूचना आहेत. उलट उदाहरण ‘रास्पबेरी पाय ४’चे. १.५ गिगाहर्ट्झचे चार कोअर असूनही त्यात या सूचना नाहीत. त्या २०२३च्या ‘पाय ५’मध्ये आल्या. मेगाहर्ट्झचा आकडा एकटा काही सांगत नाही तो असा.

ज्याच्याकडे जुनाच राउटर आहे त्याच्यासाठीही पद्धत बदलणे हे वेग वाढवण्यापेक्षा सरस ठरते. ‘चाचा२०’ ही पद्धत साध्या प्रोसेसरवर चांगली चालते. एईएसच्या सूचना नसलेल्या फोनवर ती सुमारे तिप्पट वेगवान असल्याचे गूगलने २०१४ मध्ये सांगितले होते. तिच्यावर आधारलेले ‘वायरगार्ड’ मार्च २०२०मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत गाभ्यातच सामील झाले. तेथे हेलपाटे वाचतात आणि सगळे कोअर कामाला लागतात. ओपनव्हीपीएनच वापरणे भाग असेल तर २५६ऐवजी १२८ बिटांची किल्ली घेऊन फेऱ्या १४ वरून १० वर येतात. १२८ बिटांचे एईएस आजही भक्कम मानले जाते. वेगासाठी जुन्या ‘पीपीटीपी’कडे वळणे मात्र घातक. त्यातील पासवर्ड तपासण्याची पद्धत फोडता येते, हे २०१२ मध्येच उघड झाले आहे.

बिघडते काय?

राउटरमध्ये सहसा पंखा नसतो. अनेक घरगुती राउटर ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानासाठीच बनवलेले असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात, कपाटावर कोपऱ्यात ठेवलेल्या राउटरभोवतीची हवा ती मर्यादा आधीच ओलांडते. त्यात ओव्हरक्लॉकिंगची उष्णता. आकडा चुकीचा पडला तर राउटर सुरूच होत नाही आणि मग तो उघडून, सर्किटवर वायरी जोडून जिवंत करावा लागतो. ते प्रत्येकाला जमत नाही.

याहून त्रासदायक म्हणजे न दिसणारी चूक. राउटर चालू असतो, पण अधूनमधून एखादी आकडेमोड चुकते. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटची शहानिशा करत असल्याने चुकलेले पॅकेट फेकले जाते आणि पुन्हा मागवावे लागते. ज्या वेगासाठी खटाटोप केला तोच घटतो, आणि दोष पुन्हा इंटरनेट कंपनीवर येतो. मर्यादेबाहेर चालणाऱ्या प्रोसेसरच्या चुका आणि एन्क्रिप्शन यांचे नाते किती नाजूक आहे, हे २०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी ‘क्लॉकस्क्रू’ या प्रयोगात दाखवले होते. अँड्रॉइड फोनच्या प्रोसेसरचा वेग व व्होल्टेज मुद्दाम मर्यादेबाहेर नेऊन त्यांनी चिपच्या सुरक्षित भागात दडवलेली एईएसची किल्ली मिळवली. यासाठी यंत्रावर आधी ताबा लागतो, त्यामुळे ओव्हरक्लॉक केलेल्या राउटरची किल्ली आपोआप फुटेल असे समजू नये. अडगळीत पडलेल्या दुसऱ्या राउटरवर हौस म्हणून प्रयोग करायलाही हरकत नाही. घरातले काम, मुलांचा अभ्यास आणि बँकेचे व्यवहार ज्याच्यावर चालतात, तो राउटर यासाठी नव्हे.

दोष वापरकर्त्याचा की उत्पादकाचा?

खोक्यावर ‘एसी १९००’ असा आकडा ठळक असतो. तो असतो ६०० आणि १३०० या वाय-फायच्या दोन पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज, जी कोणत्याही एका फोनला मिळत नाही. व्हीपीएनचा वेग किती, प्रोसेसरमध्ये एईएसच्या सूचना आहेत का, फर्मवेअरची सुरक्षा-अद्यतने कधीपर्यंत मिळतील, याचा उल्लेख सहसा कुठेच नसतो. ग्राहकाला हे विकत घेण्यापूर्वी समजले असते तर त्याच्यावर ओव्हरक्लॉकिंगची वेळ आलीच नसती. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांची सुरक्षा-अद्यतने किमान किती काळ देणार, हे जाहीर करणे उत्पादकांना बंधनकारक केले. एन्क्रिप्शनचा वेग सांगण्याची सक्ती मात्र त्या कायद्यातही नाही.