कंबरदुखी : खरी की नाटक?

घरातली सून खुर्चीवर बसून नमाज पढू लागली की कुजबुज सुरू होते, "परवापर्यंत तर ठीक होती!" त्यातच डॉक्टर म्हणाले, "दुखण्याच्या खुणा जुळत नाहीत," की घरच्यांना पुरावाच मिळतो. हा पुरावा किती पक्का असतो, ते आम्ही यावेळी पाहणार आहोत.

कंबरदुखीच्या रुग्णाचे वागणे तपासण्याची एक प्रसिद्ध पद्धत स्कॉटलंडचे अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॅडेल व सहकाऱ्यांनी 1980 साली मांडली. तिच्यात खुणांचे पाच गट आहेत. कातडीला नुसता हात लागला तरी दुखणे. डोक्यावर हलका दाब दिला तरी कंबरेत कळ येणे. झोपवून सरळ पाय उचलला की कळ येणे, पण बोलता बोलता बसल्या जागी तोच पाय सरळ केला तर न येणे. नसांच्या रचनेशी न जुळणारी बधिरता. आणि अती विव्हळणे. पाचपैकी किमान तीन गटांत खुणा दिसल्या तरच त्यांना महत्त्व द्यायचे, एखादी खूण पुरेशी नाही.

चाचणी भरवशाची केव्हा? दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला वेगवेगळे तपासले आणि निष्कर्ष जुळले तर. शेवटच्या गटात इथेच अडचण येते. पाय किती वर गेला हे मोजता येते, पण विव्हळणे "अती" झाले हे कशाने मोजणार? एक बाई "या अल्लाह!" म्हणून ओरडते, दुसरी ओठ दाबून सोसते. तपासणाऱ्याच्या समजुतीही निकालात उतरतात.

निष्कर्ष जुळले तरी त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न उरतोच. खुद्द वॅडेल यांनी ख्रिस मेन यांच्यासह 1998 मध्ये बजावले की या खुणा म्हणजे खोटेपणा पकडण्याची चाचणी नव्हे. घाबरलेल्या, खचलेल्या माणसातही त्या दिसतात. शिवाय त्या दिसल्या म्हणून मणक्यात आजार नाही, असेही ठरत नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारावे, "या खुणांवरून तिला कोणती मदत हवी, असे तुम्हाला वाटते?" पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सूरह अल-हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. आजाऱ्याला बसून नमाज पढण्याची सवलत दीननेच दिली आहे. ती घेणाऱ्या सुनेची उलटतपासणी आपण का करावी?