मुरलेलं कपाट

नांदेड-लातूरचा पारा चाळिशीपार गेला, की लाल वाइन वर्षानुवर्षं जपण्याची गोष्टच संपते. फ्रान्समधल्या बोर्दोच्या १९६१च्या नावाजलेल्या बाटल्या थंड तळघरात, १२-१३ अंशांवर आडव्या पडून असतात. तुरटपणा देणाऱ्या टॅनिनचे रेणू एकमेकांना बिलगत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा निवतो, जांभळट रंग विटकरी होतो. अर्थात तिथलीही बहुतेक वाइन काही वर्षांतच प्यायची असते.

आपल्याकडचं मुरणं औषधाच्या कपाटात. द्राक्षं, गूळ, धायटीची फुलं. यांपासूनचं आयुर्वेदिक औषध, द्राक्षारिष्ट, आंबायला महिनाभर लागतो. अशी आंबवलेली आसवं जुनी झाली की अधिक गुणी, हे आयुर्वेदाच्या शार्ङ्गधरसंहितेतच आहे. (दोन चमच्यांचे चार करणारे आजोबा घरोघरी!) तुमच्या कपाटातली बाटली कोणत्या सालची, जरूर कळवा.