न मागितलेली वर्गणी

महिना उजाडला की खात्यातून शे-दीडशे रुपये नाहीसे होतात. कोणी नेले, हे खातेदारास सांगता येत नाही. खातेउताऱ्यात नावाऐवजी अक्षरांचे कोडे असते. रक्कम लहान म्हणून तक्रार होत नाही, आणि तक्रार होत नाही म्हणूनच हा व्यापार सुखेनैव चालतो.

कार्डावरील अशा आवर्ती वसुलीची सूचना २४ तास आधी मिळावी व ती नाकारता यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने वर्गणीचा हा सापळा निषिद्ध ठरविला. परंतु सूचना येते ती बहुधा इंग्रजीत, आणि जाहिरातींच्या ढिगात गाडली जाते! मूळ संमती ‘पहिला महिना फुकट’ या आमिषापोटी आपणच दिलेली असते, हेही खरे. आणि मोबाइलवरून ॲप काढून टाकल्याने ती रद्द होत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ची यादी असते, कार्डाची बँकेकडे असते. तेथे संमती मागे घेता येते. व्यापाऱ्याची मनधरणी नको. बँकांनी आता उताऱ्यात वसुली करणाऱ्याचे पूर्ण नाव, तेही मराठीत, छापावे.