दूध बाधत असेल तर ग्लासभर दुधाचा हट्ट सोडा

मागच्या वर्षी पंचावन्न वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या. रोज सकाळी दहा-साडेदहाला पोटात गुबारा धरायचा, गुडगुड व्हायची आणि दोन-तीन वेळा पातळ शौचाला जावं लागायचं. वाटेत काही झालं तर काय, या भीतीने त्यांनी सकाळी बसने बाहेर पडणंच बंद केलं होतं. मी आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मग जंतांचं औषध दिलं. फरक शून्य. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "सकाळी उठल्यापासून काय काय घेता?" तेव्हा कळलं, की गुडघे दुखायला लागल्यापासून, म्हणजे चार महिने, त्या रोज नाश्त्याबरोबर मोठा ग्लासभर दूध पीत होत्या. "हाडांसाठी हो डॉक्टर." त्याआधी त्यांचं दूध चहापुरतंच होतं.

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तो राहून गेला आणि त्यांनी विनाकारण गोळ्या खाल्ल्या, ही माझी चूक.

त्यांना होता तो त्रास म्हणजे लॅक्टोज न पचणं. लॅक्टोज ही दुधातली नैसर्गिक साखर. ती पचवायला लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. ते कमी पडलं की साखर न पचता पुढे सरकते, जाताना आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून जुलाब. मोठ्या आतड्यात तिथले जिवाणू ती आंबवतात, म्हणून गॅस आणि कळा. दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत हे सुरू होतं. त्रास खरा असतो, पण त्याने आतड्याला इजा होत नाही.

आता मला महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. बाळपण सरलं की लॅक्टेज कमी होत जाणं हा माणसाचा मूळ स्वभाव आहे. जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांना लॅक्टोज पूर्ण पचत नाही. गुरं पाळून दुधावर जगणाऱ्या समाजांमध्ये काही हजार वर्षांत एक जनुकीय बदल पसरला, त्यामुळे त्यांना मोठेपणीही दूध पचतं. आपल्या देशात तो वायव्येकडे जास्त आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आढळतो. म्हणजे दूध न पचणारा माणूस 'नाजूक पोटाचा' नाही. तरीही घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "दूध प्यायलाच हवं" म्हणून आपण ग्लास हातात देतो आणि मग त्यांच्या गॅसेसवर चूर्ण शोधत बसतो!

दुसरं टोकही तितकंच चुकीचं. पोट बिघडलं म्हणून काही जण दही, ताक, तूप सगळंच बंद करतात. गरज नसते. इथे सगळा खेळ प्रमाणाचा आहे. २५० मिलिलिटर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. ज्यांना ते पचत नाही, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना एवढंही जेवणाबरोबर, थोडं थोडं घेतलं तर चालून जातं. चहातल्या दुधाने सहसा काही होत नाही. दह्यात विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात आणि उरलेलं पचवायला मदतही करतात. पनीरमधलं बरंचसं निवळीबरोबर निघून जातं, तुपात जवळजवळ नसतंच. मात्र खवा, पेढे, बासुंदी यांत दूध आटलेलं असतं, लॅक्टोज नाही. तिथे जपून.

महागड्या ए-टू दुधाबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. लॅक्टोज त्यातही तेवढंच असतं. शेळीच्या दुधातही असतंच. या कारणासाठी जादा पैसे मोजू नका. लॅक्टोज-फ्री दूध मात्र उपयोगी आहे. त्यात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते, कॅल्शियम तेवढंच राहतं.

कॅल्शियमची काळजी रास्त आहे. प्रौढाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं. ग्लासभर दुधातून ३०० मिळतं. पण १०० ग्रॅम नाचणीतही ३५० च्या आसपास असतं. नाचणीची भाकरी, दही-ताक, तीळ, काट्यांसकट खाल्ली जाणारी छोटी मासळी, हे आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे.

शंका असेल तर दोन आठवडे दूध आणि दुधाची मिठाई बंद ठेवा. बरं वाटलं तर एके दिवशी पुन्हा ग्लासभर दूध पिऊन पाहा. त्रास परतला तर उत्तर मिळालं. मोठ्या शहरांत श्वासाची तपासणीही होते, पण बहुतेकांना तिची गरज पडत नाही. दूध घेतल्यावर अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं ही ॲलर्जी आहे, वेगळा आजार. तिथे हा प्रयोग घरी करू नका. आणि शौचातून रक्त जाणं, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागणं, रक्त कमी होणं, यांपैकी काही असेल तर दुधावर खापर फोडून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. जुलाबानंतर लहान बाळांना काही दिवस दूध बाधू शकतं. ते तात्पुरतं असतं, त्यासाठी अंगावरचं दूध तोडू नये.

त्या बाई आता दुपारी वाटीभर दही खातात, सकाळी नाचणीची भाकरी. गेल्या महिन्यात बीपी दाखवायला आल्या, बसने. जाताना विचारलं, "नातवाच्या बारशाला पेढा खाल्ला तर चालेल ना?" म्हटलं, एक खा. चार नकोत.