आवडता चित्रपट : यादी, तुलना आणि आस्वादाची परिभाषा

चित्रपट आवडीने पाहणारी चार माणसे एकत्र आली की संभाषण हटकून एका प्रश्नापाशी येते : सर्वांत आवडता चित्रपट कोणता? मग नावे घेतली जातात, नाके मुरडली जातात, कुणी दहा चित्रपटांची यादी सांगतो, कुणी एकाच नावावर अडून बसतो. मराठीच्या विद्यापीठीय समीक्षेने हा सारा व्यवहार 'गप्पा' या सदरात टाकून दिलेला आहे. कादंबरीविषयीची मते चर्चासत्रात आणि चित्रपटाविषयीची मते चहाच्या टपरीवर, अशी एक अलिखित वाटणी आपल्या विभागांतून रूढ झालेली दिसते. 'साहित्य आणि चित्रपट' अशी अभ्यासपत्रिका जेथे आली, तेथेही तिला फारसा धक्का बसलेला नाही. वस्तुतः चित्रपटाविषयी मराठीत बोलण्याची परिभाषा घडायची असेल, तर ती आवडीनिवडीच्या या देवाणघेवाणीतूनच घडण्याचा संभव अधिक आहे. मात्र त्यासाठी यादी करणे आणि तुलना करणे यांतील भेद आधी नीट लक्षात घ्यावा लागेल.

यादीचे आकर्षण समजण्याजोगे आहे. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांची मते मागवून श्रेष्ठ चित्रपटांची यादी प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. पहिल्या यादीत डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' अग्रस्थानी होता. १९६२ पासून २००२ पर्यंतच्या पाच याद्यांत ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'ने ती जागा सोडली नाही. २०१२ मध्ये हिचकॉकचा 'व्हर्टिगो' आणि २०२२ मध्ये शांताल आकरमान या दिग्दर्शिकेचा १९७५ सालचा 'जान दिलमान' पहिला आला. या बदलांचे कारण चित्रपटांत शोधून सापडणार नाही, कारण ते होते तसेच आहेत. २०१२ साली ८४६ जणांनी मते दिली होती, २०२२ साली १,६३९ जणांनी. मत देणारे बदलले, त्यांचे देश, वय व दृष्टी बदलली, तसे अग्रस्थान बदलले. तेव्हा यादी ही रुचीच्या इतिहासाचे उत्तम साधन आहे यात शंका नाही. परंतु एखादा चित्रपट का आवडला हे मात्र ती सांगत नाही. 'पथेर पांचाली' २०२२ च्या यादीत पस्तिसावा आहे, या माहितीने त्या चित्रपटातील पावसाच्या दृश्याविषयी कुणाच्याही जाणिवेत भर पडत नाही.

येथे 'ज्याची त्याची आवड' हे नेहमीचे उत्तर पुढे केले जाते. मराठी सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाला या उत्तरावर समाधान मानता येणार नाही. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) आणि 'कांटची सौंदर्यमीमांसा' (१९७७) या ग्रंथांतून कांटचा विचार मराठीत सविस्तर मांडला. सुखद वस्तूविषयी बोलताना माणूस 'मला आवडते' एवढ्यावर थांबतो. सुंदर वस्तूविषयी बोलताना मात्र इतरांनीही ती सुंदर मानावी अशी अपेक्षा तो नकळत करीत असतो, आणि ही अपेक्षा सिद्ध करणारा नियम त्याच्यापाशी नसतो. आवडत्या चित्रपटावरून तावातावाने भांडणारे दोन प्रेक्षक नेमके याच ठिकाणी उभे असतात. केवळ सुखाचाच प्रश्न असता तर भांडण्याचे कारणच उरले नसते. कारल्याच्या भाजीवरून कुणी रात्र जागवीत नाही. पुरावा देता येत नाही आणि मान्यता तर हवी असते, अशा अवस्थेत माणसापुढे एकच मार्ग उरतो : बोट दाखविण्याचा. 'ते दृश्य आठवा' असे तो म्हणतो. समीक्षेची सुरुवात येथे होते.

फिल्म सोसायटी चळवळीने हा 'बोट दाखविण्याचा' संस्कार काही प्रमाणात केला. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता प्रभृतींनी १९४७ मध्ये कलकत्त्यात फिल्म सोसायटी स्थापिली. १९५९ मध्ये अशा संस्थांचा अखिल भारतीय महासंघ झाला. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होते आणि पी. के. नायर यांच्यासारखा झपाटलेला संग्राहक तेथे होता. संग्रहालयाकडून मिळणाऱ्या १६ मिलिमीटरच्या प्रती व परदेशी वकिलातींकडून येणारे चित्रपट यांवर लहानमोठ्या गावांतील संस्थांचे खेळ चालत. एकदाच पाहायला मिळायचे, तेही सर्वांबरोबर, आणि नंतर जे काही बोलायचे ते आठवणीच्या आधारे. आठवण फसवी असते. न घडलेला क्लोज-अप अनेकांना खात्रीने आठवतो. तरीही एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीने दुरुस्त होण्याची ती प्रक्रिया मोलाची होती. या चळवळीचे गोडवे गाताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. चर्चेतील शब्द बहुतांशी इंग्रजीतून आले आणि इंग्रजीच राहिले, आणि बर्गमन, कुरोसावा ही नावे पुष्कळदा विचाराऐवजी ओळखपत्रासारखी वापरली गेली. शेजारच्या कर्नाटकात के. व्ही. सुब्बण्णा यांनी हेग्गोडू या खेड्यात 'नीनासम'च्या द्वारा जागतिक चित्रपट ग्रामीण प्रेक्षकांपुढे नेले व त्याविषयी कन्नडमध्ये बोलणे घडवून आणले. त्या तोडीचा प्रयत्न मराठीत मोठ्या प्रमाणावर झाला नाही, हे मान्य करणे भाग आहे.

तुलनेतून काय हाती लागते, हे एखाद्या उदाहरणावरूनच स्पष्ट होईल. प्रभात फिल्म कंपनीच्या चाहत्यांत एक जुना वाद आहे. एका पक्षाचा आवडता चित्रपट दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६), तर दुसऱ्याचा व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७). पहिला पक्ष व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली झालेल्या गौरवाचा दाखला देतो, दुसरा पक्ष जरठ-बाला विवाहाच्या प्रश्नाला भिडण्याच्या धैर्याचा. या पातळीवर वाद कितीही चालला तरी तो पुरस्कार विरुद्ध आशय एवढाच राहतो. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिले, की मात्र निराळ्याच गोष्टी दिसू लागतात. दोहोंच्या केंद्रापाशी संसाराचा जाच सोसणारी एक स्त्री आहे. गौरी या अभिनेत्रीने साकारलेली जिजाई देवाशी भांडते, प्रसंगी पायातले काढून त्याच्यावर धावून जाते, तरी तिचे भांडण तिच्या कष्टांतच विरघळलेले असते. म्हैस, चूल, आजारी मूल यांच्यामधून ती बोलते. शांता आपटे यांची नीरा घरातच असहकार पुकारते. तिचा नकार हा कृतीपेक्षा उभे राहण्याच्या पद्धतीतून, नजरेतून व्यक्त होतो. जिजाईच्या भोवती अवकाश मोकळा आहे, अंगण आहे, नदी आहे. नीरेच्या भोवती दारे, आरसे आणि भिंतीवरचे घड्याळ आहे. 'कुंकू'त पार्श्वसंगीत वापरलेले नाही. नैसर्गिक ध्वनींवरच सारी भिस्त आहे. त्यामुळे त्या घरातली शांतता प्रेक्षकाच्या अंगावर येते. 'तुकाराम'मध्ये याच्या अगदी उलट, बोलणे केव्हा संपते आणि गाणे केव्हा सुरू होते याची सीमारेषाच पुसट आहे. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम गातो असे वाटतच नाही, तो फक्त जरा निराळ्या रीतीने बोलतो. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद कित्येकांना तुकारामाचाच अभंग वाटले, ही मराठीच्या अभ्यासकांना कौतुकाची वाटणारी हकिकत या एकजीवपणाचीच साक्ष आहे.

एवढे पाहून झाल्यावर 'कोणता श्रेष्ठ' हा प्रश्न काहीसा मागे पडतो. 'कुंकू' ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला आहे. आपल्या वर्गांत त्याचा विचार झालाच तर कादंबरीतील कोणते प्रसंग गाळले आणि कोणते घातले, अशा दोन रकान्यांच्या तक्त्याने होतो. त्या तक्त्यात घड्याळाला आणि शांततेला जागा नसते. त्यांचे महत्त्व कादंबरीशी केलेल्या तुलनेपेक्षा दुसऱ्या चित्रपटाशी केलेल्या तुलनेत लवकर कळते, ही बाब माध्यमांतराच्या अभ्यासकांनी गंभीरपणे घेण्याजोगी आहे. गीता कपूर यांनी 'संत तुकाराम' आणि सत्यजित राय यांचा 'देवी' (१९६०) हे दोन चित्रपट जोडीने घेऊन श्रद्धा व संशय यांविषयी केलेले विवेचन इंग्रजीत प्रसिद्ध आहे. मराठीत अरुण खोपकर यांच्या 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' (१९८५) या पुस्तकात गुरुदत्त यांचे तीन चित्रपट परस्परांच्या प्रकाशात वाचलेले आहेत. लेखकाचे प्रेम त्यात कोठेही लपत नाही, आणि त्या प्रेमाने विश्लेषणाची धार बोथटही होत नाही. आवडीपासून समीक्षेपर्यंतचा रस्ता मराठीत चालता येतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आवडीच्या या व्यवहारात एक अप्रामाणिकपणा शिरलेला आहे, त्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. पदव्युत्तर वर्गात आवडता चित्रपट विचारला तर 'पथेर पांचाली', 'श्वास', 'कोर्ट' अशी नावे येतात. वसतिगृहाच्या खोलीत तोच प्रश्न विचारला तर उत्तरे वेगळी असतात. शिक्षकाला कोणते नाव रुचेल याचा अंदाज विद्यार्थी चटकन बांधतो, आणि खरी आवड खिशात ठेवून मान्यताप्राप्त आवड बाहेर काढतो. खेड्यातून, वस्तीतून आलेल्या विद्यार्थ्याला तर हे फार लवकर शिकावे लागते. आपली आवड ही आपल्या 'अडाणीपणा'ची खूण ठरेल अशी भीती त्याच्या मनात असते, आणि ती निराधार असते असे म्हणता येत नाही. संस्कृत साहित्यशास्त्रातील 'सहृदय' ही कल्पना अभ्यासविषय म्हणून शिकविणाऱ्या वर्गात समोरच्याच्या हृदयाला शिरकाव नसावा, यात विसंगती आहे.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) या दृष्टीने बोलका ठरतो. महाराष्ट्रभर तो लोकांनी पुनःपुन्हा पाहिला. मात्र त्याचे नाव अभ्यासपूर्ण संभाषणात घेताना अनेकजण आधी 'फँड्री'चे (२०१३) नाव घेऊन सुरक्षित होतात. 'सैराट' मनापासून आवडणाऱ्या विद्यार्थ्याला तो का आवडला असे आस्थेने विचारले, तर गाण्यांनंतर तो बहुधा शेवटाविषयी बोलेल. अजय-अतुल यांच्या भव्य वाद्यवृंदाने भरलेला हा चित्रपट अखेरीस पूर्ण निःशब्द होतो. लहान मूल रक्ताची पावले उमटवीत दाराबाहेर येते आणि पडद्यावर कोणताही आवाज नसतो. ज्या संगीताने प्रेक्षकाला दोन तास हिंदोळ्यावर बसविले, तेच काढून घेतल्यामुळे ही शांतता असह्य होते. ज्याला हे जाणवले, त्याला 'कुंकू'तील शांततेपाशी नेणे मुळीच कठीण नाही. संगीत मुळातच न देणे आणि भरभरून दिलेले संगीत हिरावून घेणे, या शांततेच्या दोन रीती त्याला आपापत: भिन्न वाटतील. तो 'कुंकू'त शिरेल तो स्वतःच्या दाराने. 'पथेर पांचाली'चे नाव पाठ केलेल्या विद्यार्थ्याला असे दारच नसते. उलट बाजूने, 'सैराट'ला केवळ लोकप्रिय म्हणून बाजूस सारणाऱ्या प्राध्यापकालाही 'कुंकू'विषयीचे आपले ज्ञान या निमित्ताने तपासून घेता येईल.

अशा तुलनेवर एक आक्षेप संभवतो. कोणताही चित्रपट कशाच्याही शेजारी ठेवला तर काही ना काही साम्य निघतेच, मग या पद्धतीला शिस्त कोणती? आक्षेप रास्त आहे. तौलनिक साहित्याभ्यासालाही तो चुकलेला नाही. साम्याचा मुद्दा दृश्य, ध्वनी, संकलन यांतील निश्चित स्थळापर्यंत नेता आला पाहिजे आणि त्याच स्थळी भेदही सांगता आला पाहिजे, एवढी अट घातली तरी बरीचशी मोकाट विधाने गळून पडतात. 'दोन्ही चित्रपट स्त्रीच्या दुःखाचे आहेत' हे विधान या अटीत टिकत नाही. जिजाईचे अंगण आणि नीरेचे घड्याळ टिकते. पूर्वी ही अट पाळणे अवघड होते, कारण चित्रपट पुन्हा पाहायला मिळत नसे. आता बहुतेक चित्रपट हातातल्या फोनवर थांबवून, मागे नेऊन पाहता येतात. अर्थात सगळेच नाही. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरील जुन्या चित्रपटांचा मोठा साठा नष्ट झाला, आणि फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे (१९१३) आज काही भागच पाहता येतात.

फोनवर एकट्याने पाहिलेल्या चित्रपटाविषयी बोलायचे कोणाशी, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. त्याची सोय विभागांनाच करावी लागेल, आणि तीस फार खर्च येत नाही. अंतर्गत मूल्यमापनातील एखाद्या प्रकल्पात दोन विद्यार्थ्यांनी आपापला आवडता चित्रपट एकमेकांना दाखवावा, दुसऱ्याच्या चित्रपटातील एका दृश्यावर मराठीत पाच पाने लिहावीत आणि तोंडी परीक्षेच्या वेळी ज्याचा तो चित्रपट त्याने उलट प्रश्न विचारावेत. शिक्षकाने तेथे बसून ऐकावे, आणि नावावरून गुण देऊ नयेत.