वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

विवाह ठरण्याच्या बेतात असतो. रक्ततपासणीत ‘थॅलेसेमिया मायनर’ असा शेरा येतो आणि दोन्ही घरे संगणकापुढे बसतात. आंतरजालावर आजन्म रक्त घ्यावे लागणाऱ्या बालकांची वर्णने असतात, तशाच विकार ‘मुळापासून’ बरा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीही. भेदरलेली मंडळी मग स्थळ मोडून मोकळी होतात.

वस्तुतः मायनर व्यक्ती ही केवळ वाहक असते. ती सर्वसाधारण निरोगी आयुष्य जगते. जोडीदाराच्या हिमोग्लोबिनमध्ये कोणताही आनुवंशिक दोष नसेल, तर अपत्य फार तर वाहक होते. दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर मात्र प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच दोघांचीही तपासणी हवी.

विश्वासार्ह माहिती उपलब्ध नाही, असे नव्हे. डॉ. व्हिक्टर मॅक्यूसिक यांनी १९६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेली आनुवंशिक विकारांची सूची आज ‘ओमिम’ या नावाने जालावर आहे. पण ती तज्ज्ञांसाठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे ‘मेडलाइनप्लस’ सामान्यांसाठी आहे. पण मराठीत नाही.

ही उणीव आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनीच भरून काढली पाहिजे. तोवर वाचकाने तीन प्रश्न विचारावेत : मजकूर कोणी लिहिला, शेवटचा केव्हा तपासला आणि लिहिणाऱ्याला काही विकायचे आहे काय? उत्तरे मिळाली, तरी अहवालाचा अर्थ तज्ज्ञ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. अर्धवट माहितीपायी सोयरीक मोडणे हा विवेक नव्हे.