बोली तुमची, पत्र चोराचे



हर्रास आपल्याला नवा नाही. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियमित बाजार सुरू झाला, तेव्हापासून वऱ्हाडातला शेतकरी गाडीजवळ उभा राहून आपल्या मालाची बोली ऐकत आला आहे. बोली लावणारा समोर दिसतो, अडत्याचे दुकान माहीत असते, काटापट्टीवर सही कुणाची ते विचारता येते. लूट तिथेही होतेच; पण लुटणाऱ्याचे तोंड दिसते. संगणकावरच्या लिलावात तोंड दिसत नाही. तिथून येते ते फक्त पत्र, आणि पत्र कुणीही लिहू शकतो.

आधी माझीच फजिती सांगतो. जुन्या अवजारांच्या एका ऑनलाइन लिलावात ज्वारीच्या मळणी यंत्रावर मी ६१ हजारांची बोली लावली होती. कुणाची तरी ६४ हजारांची बोली वर चढली, लिलाव संपला, मी विषय सोडून दिला. दुसऱ्या दिवशी ईमेल आला : वरच्या बोलीवाल्याने माघार घेतली आहे, यंत्र तुमच्या बोलीला मिळेल, दोन तासांत १२ हजार अनामत भरा, नाहीतर तिसऱ्याला देऊ. लिलावाचे बोधचिन्ह होते, यंत्राचा फोटो होता, माझ्या बोलीचा आकडा बरोबर होता. आकडा बरोबर म्हणजे पत्र खरे, असे मी धरून चाललो. तो आकडा लिलावाच्या पानावर साऱ्या जगाला दिसत होता, हे डोक्यात आले नाही. पैसे कुणा खासगी माणसाच्या खात्यात गेले. यंत्र तर वरच्या बोलीवाल्याने केव्हाच नेले होते. कृषी पदवी घेतलेला, सभांतून दुसऱ्यांना शहाणपण सांगणारा मी, लाजेने तीन दिवस कुणाला बोललो नाही. ते तीन दिवस त्या १२ हजारांपेक्षा महाग पडले. का, ते पुढे येईल.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की ही युक्ती वीस वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेल्या ईबे या लिलावाच्या बाजारात हरलेल्या बोलीवाल्याला ‘दुसरी संधी’ देण्याची सोय खरोखरच होती. विकणारा तसे कळवू शकत असे. चोरांनी तेच उचलले. कोण कितीवर हरला हे उघड दिसायचे. त्याला गाठून पत्र टाकायचे आणि पैसे लिलावाबाहेरच्या वाटेने मागायचे. अखेर ईबेला बोली लावणाऱ्यांची ओळख झाकावी लागली.

दुसरी तऱ्हा धाकाची. ‘तुमच्या खात्यात संशयास्पद व्यवहार दिसला आहे, २४ तासांत माहिती भरा, नाहीतर खाते बंद.’ खाली एक दुवा. दाबला की हुबेहूब तेच पान उघडते, तुम्ही नाव आणि परवलीचा शब्द भरता, आणि तो थेट चोराच्या वहीत उतरतो. यात कुलूप कुणी फोडत नाही. किल्ली आपणच हातात देतो. मग चोर तुमच्या नावाने, तुमच्या चांगल्या लौकिकावर, नसलेला माल विकतो आणि शिव्या तुम्हाला पडतात.

खरे-खोटे ओळखायचे कसे? पूर्वी लोक सांगत, की भाषा मोडकी असेल तर पत्र खोटे. आता तो भरवसा धरू नका. यंत्राकडून कुणीही स्वच्छ मराठी लिहून घेतो. पाठवणाऱ्याचे नाव पाहू नका, तेही वाटेल ते लिहिता येते. पाहायचा तो दुव्याचा पत्ता, आणि तो शेवटाकडून वाचायचा. पोराचे नाव कुणी काहीही ठेवावे, घराणे कळते ते आडनावावरून. तसेच इथे. पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडे जे शेवटचे शब्द असतात ते आडनाव. ‘ईबे डॉट कॉम’ हे ईबेचे घर. ‘ईबे डॉट कॉम डॉट खातेतपास डॉट इन्फो’ हे कुणा खातेतपासवाल्याचे घर. ईबे हे तिथे नुसते पाळण्यातले नाव. सरकारी पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो, आणि ती शेपटी खासगी माणसाला मिळत नाही. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने २०२५ साली ‘बँक डॉट इन’ ही स्वतंत्र शेपटी घ्यायला लावली.

पण भर उन्हात, मोबाइलच्या बोटभर पडद्यावर पत्ता वाचत बसणे सगळ्यांना जमणार नाही, हे मला कळते. त्यांच्यासाठी सोपी रीत आहे : पत्र मिटा आणि आपल्या ओळखीच्या दाराने आत जा. खरे काम असेल तर ते तुमच्या खात्यातही दिसेल. ईबेने आपल्या गिऱ्हाइकांना हेच सांगितले होते, की आमच्या खऱ्या पत्राची प्रत तुमच्या खात्यातल्या निरोपाच्या पेटीत असते. तिथे नसेल तर पत्र आमचे नव्हे. मी त्या दिवशी लिलावाचे पान स्वतः उघडले असते, तर यंत्र विकले गेल्याचे तिथे लिहिलेलेच होते.

तिसरी तऱ्हा विकणाऱ्यासाठी आहे, म्हणून ती आपल्याला जास्त जवळची. ‘पैसे जमा झाले, माल रवाना करा’ असे पत्र किंवा एसएमएस येतो. चुकाऱ्याचा चेक वटल्याशिवाय आपण पैसे मिळाले म्हणत नाही. मग मोबाइलवरच्या एका ओळीवर ट्रॅक्टरची चावी का द्यावी? खात्यातली शिल्लक स्वतः पाहा. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे येत नसून जात आहेत.

हे शहरातल्या लोकांचे दुखणे म्हणून सोडून देऊ नका. ई-नाम १४ एप्रिल २०१६ ला सुरू झाले. २०२५च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली. आपल्या शेतकरी कंपन्यांचे सचिव रोज ईमेल उघडतात. जिथे शेतकरी पैशाची वाट पाहतो आहे तिथे चोर पोचतोच. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘एपीके’ फाइल त्यातलीच. ती मोबाइलवर चढवली की मोबाइलवर येणारे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. ॲप घ्यायचे ते प्ले स्टोअरमधूनच. आलेल्या फाइलमधून कधीही नाही, ती भाच्याने पाठवली असली तरी. त्या भाच्याचाच मोबाइल आधी गेलेला असतो.

आता माझ्या तीन दिवसांबद्दल. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात धावतो. तो वाटेत अडवण्यासाठी केंद्राने २०२१ साली व्यवस्था सुरू केली. तिचा आजचा क्रमांक १९३०. पहिल्या तासात फोन केला तर पैसे कुठल्या तरी खात्यात गोठवता येण्याची आशा असते. मी चौथ्या दिवशी केला. तेव्हा तिथे काही उरले नव्हते. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ठरवले, की ग्राहकाच्या चुकीने परवलीचा शब्द फुटला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणून पोचेवर नुसती तारीख पुरत नाही, वेळही लिहून घ्या.

मला शाखेत ऐकवले गेले, ‘तुम्ही शिकलेले, तुम्हाला कळायला नको?’ न शिकलेल्याला म्हणतात, ‘शिकला नाहीत म्हणून फसलात.’ म्हणजे दोष शेतकऱ्याचाच. कागद बंद करून सगळे मोबाइलवर आणले ते आपण नव्हे. चोराला खाते उघडून दिले तेही आपण नव्हे. ‘सावध राहा’ अशी पाटी भिंतीला चिकटवली की यांचे काम संपते! चोराचे पैसे ज्या खात्यात पडले ते कुणी, कोणते कागद पाहून उघडले, हा प्रश्न प्रत्येक तक्रारीत लिहून विचारायचा आहे.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने आलेली खोटी पत्रे आणि एसएमएस कागदावर उतरवून आणावेत. दुवा न दाबता. कुणाचे किती गेले हे सांगायला मी पहिला उभा राहीन. दुपारच्या सत्रात दोन तास त्यासाठी ठेवले आहेत. घरातला मोबाइल ज्यांच्या हातात असतो त्या मायबहिणींना आणि पोरांनाही सोबत आणा.